ताकदीच्या गोळ्या

यास्मिननं पहिली बाटली कागदावर उपडी केली. टक् करून एकच गोळी बाहेर पडली आणि घरंगळत टेबलाच्या कडेपर्यंत गेली. सुगनचंदांनी ती पडू नये म्हणून हात पुढे केला.

चाळीसगावहून निघताना त्यांनी मनाशी एक आकडा धरून ठेवला होता. आठ. आठ गोळ्या शिल्लक निघतील, मग आपण म्हणायचं, ताई, चूक माझी आहे, पोरीला काही बोलू नका. गाडीत हे वाक्य त्यांनी तीन-चार वेळा घोळवून पाहिलं होतं. आता एकच गोळी बघून त्यांना हायसं वाटलं, आणि आपल्याला हायसं वाटलं याची लगेच लाजही वाटली.

यास्मिननं दुसरी बाटली उचलून झाकण काढलं. आतलं चंदेरी सील जसंच्या तसं होतं. तिसरीचंही तसंच.

"तीन महिन्यांच्या दिल्या होत्या, काका," ती म्हणाली. "पहिला महिना घेतल्यात, एक दिवस कमी. पुढच्या दोन महिन्यांच्या बाटल्यांना हातच लागलेला नाही."

"असं कसं होईल?"

"एकसष्ट दिवस. रिपोर्ट बघून मला शंका आलीच होती. चार वर्षं तिच्या रक्तात विषाणू मोजण्याइतकाही सापडत नव्हता. या वेळी बावन्न हजार आहे."

रिद्धी पलीकडच्या खोलीत वजन करायला गेली होती. सुगनचंदांनी दाराकडे एकदा पाहिलं आणि खुर्ची टेबलाजवळ ओढली. जळगावात त्यांची निम्मी सोयरीक, म्हणून नातीला ते बारा वर्षं या धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात आणत होते. इथे त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं, तरी एचआयव्ही हा शब्द त्यांनी या खोलीतही कधी तोंडातून काढला नव्हता. ते 'तिचा आजार' म्हणायचे, किंवा नुसतं 'ते'.

"आठ दिवसांचं मला माहीत आहे," ते म्हणाले. "ते माझ्यामुळे. पर्युषणात तिनं अठ्ठाई केली."

यास्मिनला समुपदेशनाच्या कामाला लागून अकरा वर्षं झाली होती. कुणी उरूस म्हणून गोळ्या सोडल्या, कुणी लग्नाच्या पंगतीत लोक बघतील म्हणून. अठ्ठाई तिला नवी होती. आठ दिवस अन्न नाही, फक्त दिवसाउजेडी उकळलेलं पाणी, हे सुगनचंदांनी समजावून सांगितलं. सांगताना त्यांच्या आवाजात थोडा अभिमान डोकावला. तो त्यांचा त्यांनाच ऐकू आला आणि ते थांबले.

"औषधाची सूट नसते का यात?"

"मागितली तर मिळते."

"मग?"

सुगनचंदांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. सूट मागितली असती तर कशासाठी, हे चारचौघांत सांगावं लागलं असतं. पण खरी गोष्ट याहून वाईट होती. पहिल्या दिवशी सकाळी उपाश्रयात साध्वीजी पच्चक्खाण, म्हणजे उपवासाचा नियम, द्यायला उभ्या राहिल्या, तेव्हा हात जोडून उभी असलेली रिद्धी मागे वळली होती. सत्तर-ऐंशी बायामाणसांच्या देखत तिनं विचारलं होतं, "दादाजी, माझ्या गोळ्यांचं काय करू?" आणि तेही सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले होते, "ताकदीच्याच तर गोळ्या आहेत. आठ दिवस नाही घेतल्या तरी काही बिघडत नाही."

हे त्यांनी यास्मिनला जसंच्या तसं सांगितलं. पुढचं मात्र सांगितलं नाही. चौथ्या दिवशी पोरीचे ओठ सुकले तेव्हा त्यांचा जीव खालीवर झाला होता, पण तोवर अख्खा जैन संघ घरी येऊन तिचे गोडवे गाऊन गेला होता. शिवाय त्यांचं भांड्यांचं दुकान. तपाची भेट म्हणून प्रभावनेला वाटायच्या तीनशे वाट्यांवर 'कु. रिद्धीच्या अठ्ठाई तपानिमित्त' हे अक्षरन् अक्षर त्यांनी नोकराला न देता स्वतः मशीनवर कोरलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ते दुकानात गिऱ्हाइकाला नेहमी सांगत. घरात त्यांनी तेच केलं होतं.

"आठ दिवसांत काही आभाळ कोसळत नाही," यास्मिन म्हणाली. "पण नंतरचे त्रेपन्न दिवस? आता असंच चाललं, तर याच गोळ्या उद्या तिला लागू पडणार नाहीत. मग दुसऱ्या जड गोळ्या, मग तिसऱ्या. सतरा वर्षांची आहे ती, काका. दर वेळी तुम्हाला म्हणते, तिला सांगू या. आधी तुम्ही म्हणालात दहावी होऊ दे. मग म्हणालात बारावी होऊ दे. आज सांगायचंच."

"तुम्हीच सांगा," ते म्हणाले. "मी बाहेर बसतो."

यास्मिननं त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग कागदावरची ती एक गोळी तिनं परत बाटलीत टाकली.

बाहेर बाकावर दाटीवाटीनं माणसं बसली होती. डोक्यावर पदर घेतलेल्या एका बाईनं पिशवी मांडीवर घेतली आणि सरकून जागा केली. तिच्या हातातल्या केसपेपरावर भिकुबाई असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं.

"बसा आठे, आबा. जागा शे." आत जाणाऱ्या रिद्धीकडे बघत तिनं विचारलं, "नात शे का तुमनी? काय व्हयनं पोरले?"

"थोडा अशक्तपणा आहे."

भिकुबाई तोंडाला पदर लावून हसली. हसण्यात कुचेष्टा नव्हती.

"आठे बठ्ठासलेच अशक्तपणा शे, आबा. माले सोळा वरीस व्हयनात अशक्तपणाले."

इथे सगळ्यांनाच अशक्तपणा, हे ऐकून सुगनचंद कानकोंडे झाले. ते उठून खोलीच्या दाराशी उभे राहिले. दाराला नुसता हिरवा पडदा होता, आतलं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं. यास्मिन आता कसं सुरू करेल, पोर रडेल का, आत जावं लागेल का, असं त्यांच्या मनात चाललं होतं.

पण बोलत होती रिद्धी.

"...तो सरळ पेशी मारायला येत नाही, ताई. रक्तात मदतनीस पेशी असतात, त्यांच्या अंगावर सीडी-फोर नावाचा एक रेणू असतो. तिथे तो चिकटतो. पण तेवढ्यानं आत जाता येत नाही. शेजारी आणखी एक लागतो, सीसीआर-फाइव्ह. दोन्ही मिळाले की मग पेशीचं दार उघडतं."

"आणि आत गेल्यावर?"

"आत स्वतःची माहिती उलटी लिहून काढतो आणि पेशीच्या डीएनएमध्येच टाचून टाकतो. मग पेशीला आपलं कुठलं आणि त्याचं कुठलं, कळतच नाही. ती त्याच्या प्रती काढत बसते. ज्या पेशींनी बाकीच्यांना सावध करायचं, त्याच बिघडतात. काही पेशी मात्र नुसत्या पडून राहतात. स्मृतिपेशी. त्याला घेऊन वर्षानुवर्षं झोपतात. तिथे गोळ्यांचं काही चालत नाही. गोळ्या बंद केल्या की तिथून परत सुरू." ती थांबली. "माझं सुरू झालंय ना?"

"झालंय. पण आटोक्यात येईल." यास्मिनचा आवाज खाली आला. "तुला कधीपासून माहीत आहे?"

"दहावीपासून. बाटलीवर नावं छापलेली असतात की. दादीला इंग्रजी येत नाही, मला येतं."

दुकानात कुठल्या पातेल्याला कुठे पोचा आहे हे सुगनचंदांना न बघता सांगता येई. आणि बाटलीवर नाव छापलेलं असतं, ही गोष्ट त्यांच्या ध्यानातच आली नव्हती. दहावीपासून अठ्ठाईपर्यंत, म्हणजे दोनेक वर्षं, पोर रोज संध्याकाळी जेवणानंतर त्यांच्यासमोर ती गोळी घेत होती आणि ते म्हणत होते, घे, अंगात रक्त वाढेल.

"एवढं सगळं बारावीच्या पुस्तकात आहे?"

"थोडंच आहे. बाकीचं मी शोधून वाचलं. आफ्रिकेत काजळी रंगाची माकडं असतात, त्यांच्यात याचाच भाऊबंद असतो. रक्तात भरपूर असतो, तरी ती आजारी पडत नाहीत. त्यांचं शरीर त्याच्यावर सारखं खवळून उठत नाही. आणि ज्या पेशी जपायला हव्यात त्यांच्यावर ते सीसीआर-फाइव्ह फारसं नसतंच. हजारो वर्षांत जमवून घेतलंय त्यांनी. आपल्या उत्तरेकडच्या लाल तोंडाच्या माकडांना प्रयोगशाळेत तोच विषाणू दिला, तर ती माणसांसारखीच मरतात."

"माकडांचं कशाला वाचलंस एवढं?"

"हे अंगात घेऊन कुणी नीट जगतं का, ते बघायचं होतं. कुणाला विचारणार? माकडं सापडली."

यास्मिन म्हणाली, "माणसंही जगतात, रिद्धी. बाहेर बाकावर बसलीत, जाताना बघ. तू तर गोळ्या घेऊन अगदी ठणठणीत होतीस. इतकं सगळं कळतं तुला, तर बंद का केल्यास?"

आता ती काय सांगणार हे सुगनचंदांना कळलं. पडद्यापासून दूर जावं असं त्यांना वाटलं, पण ते तिथेच ऐकत राहिले.

"मला अठ्ठाईची एवढी हौस नव्हती. दादीची इच्छा होती. उपाश्रयात मी दादाजींना मुद्दाम विचारलं. म्हटलं, आता ते अडवतील. आणि अडवलं की का अडवलं ते सांगावं लागेल. एकदाचं सांगतील." तिचा आवाज बदलला नाही. "त्यांनी नाही अडवलं. मग पारणं झाल्यावर मी ठरवलं, नाही घ्यायच्या. किती दिवस गप्प बसतात ते बघू. अठ्ठाईच्या पहिल्या दिवसापासून बाटली शोकेसमध्ये ठेवली होती, त्यांच्या खुर्चीसमोर. तीच ती बाटली, एका गोळीची."

सुगनचंद पडदा बाजूला करून आत गेले. त्यांना हात जोडायचे होते, पण हातात टोपी होती. ती कुठे ठेवावी ते सुचेना.

"चुकलो मी, बेटा," ते म्हणाले. "मिच्छामि दुक्कडम्."

रिद्धीनं मान वर केली नाही. "संवत्सरीला आला होता तुमचा क्षमेचा मेसेज. सगळ्यांना पाठवलात तेव्हा मलाही आला."

यास्मिननं स्टूल पुढे केलं. ते बसले. डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते पुसायला टोपीच वापरावी लागली. पोरीपुढे रडायचा आपल्याला हक्क नाही असं त्यांना वाटत होतं, तरी थांबवता येत नव्हतं.

"आजपासून घेशील?" यास्मिननं तिला विचारलं.

"घेईन. पण ताकदीच्या म्हणून नाही घेणार. दादीला सांगा."

"तिला नको," सुगनचंद चटकन म्हणाले. "तिला झेपणार नाही. एवढी एक गोष्ट सोड. दुसरं काहीही माग."

"काका," यास्मिन म्हणाली, "हे कुणाला सांगायचं, कुणाला नाही, हे तिनं ठरवायचं. अंग तिचं आहे."

रिद्धीनं बाटल्या पिशवीत भरल्या. तिनं आवाज चढवला नाही, ती रडलीही नाही. "तुम्ही नाही सांगितलंत, तर मी नाही घेणार," एवढंच ती म्हणाली, आणि यास्मिनकडून पुढची तारीख लिहून घेतली.

परतीच्या गाडीत आजोबा-नात समोरासमोर बसली. जामदा स्टेशन मागे पडलं. खिडकीतून वेचणीला आलेला कापूस दिसत होता. रिद्धीनं कानात वायरी घातल्या होत्या, डोळे मिटले होते. तिचा चेहरा ललितसारखा होता. आज तो अंमळ जास्तच तसा दिसत होता.

ललित त्यांचा एकुलता एक मुलगा. चौदा वर्षांपूर्वी तो वाळत चालला, तेव्हा नाशिकच्या डॉक्टरांनी सुगनचंदांना एकट्याला आत बोलावून रिपोर्ट दाखवला होता. मुलाला ते कुठून आलं, हे त्यांनी त्यालाही विचारलं नाही. घरी येऊन त्यांनी सांगितलं, कावीळ आहे. कावीळ म्हटल्यावर त्यांची बायको झमकूबाई त्याला दोंडाईच्याच्या पुढच्या एका खेड्यात नाकात झाडपाल्याचा रस सोडणाऱ्याकडे घेऊन गेल्या, एकदा नव्हे चारदा. सुगनचंदांनी गाडी ठरवून दिली होती. तेव्हाही अडवायचं म्हटलं तर कारण सांगावं लागलं असतं. त्या दिवसांत दवाखान्यात नेलं असतं, तर कदाचित ललित राहिला असता. निदान आणखी काही वर्षं राहिला असता. तेव्हाही अशा गोळ्या होत्या.

आणि दुसरी गोष्ट तुपाची. पोरगा फार खंगला म्हणून झमकूबाईंनी एकदा त्याला तूप निथळणारा चुरमा करून घातला होता. नंतर त्या रसवाल्यानं सांगितलं, काविळीत तूप म्हणजे विष. आठ दिवसांत ललित गेला. सून दीड वर्षानं गेली, तीही त्याच आजारानं. झमकूबाईंना वाटतं, ती नवऱ्यामागे झुरून गेली. तेव्हापासून झमकूबाईंनी तुपाला बोट लावलेलं नाही. रोज सुगनचंदांच्या फुलक्याला त्या तूप लावतात आणि स्वतः कोरडा खातात. सुगनचंद म्हणायचे, व्रत आहे, असू दे. खरं म्हणजे त्यांना तसं कधीच वाटलं नव्हतं. ते व्रत कशाचं आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. एका वाक्यात ते सुटलं असतं, आणि ते वाक्य त्यांनी चौदा वर्षं गिळलं. विषाणूनं पोराला मारलं ते मारलंच, पण या बाईच्या जिवाला जे लागलं होतं ते त्यांनी लावलं होतं.

घरी पोचले तेव्हा ऊन मागच्या भिंतीवर चढलं होतं. त्यांच्याकडे जेवणं दिवस मावळायच्या आत होतात, त्यामुळे झमकूबाई फुलके करायला बसल्याच होत्या.

"काय म्हणाले डॉक्टर? रक्त वाढलं का?"

रिद्धीनं पिशवीतून बाटली काढून ताटाशेजारी ठेवली आणि आजोबांकडे पाहिलं.

सुगनचंदांनी पाटावर न बसता भिंतीला पाठ टेकली. "तिला एचआयव्ही आहे," ते म्हणाले. शब्द त्यांच्या तोंडात अवघडला, त्यांनी तो परत नीट उच्चारला. "एड्सचा विषाणू. जन्मापासून आहे. या गोळ्या त्याच्या आहेत. रोज घेतल्या तर तिला काही होत नाही. अठ्ठाईत मी घेऊ दिल्या नाहीत. आणि नंतरही ती घेत नव्हती, ते मला दिसलं नाही."

झमकूबाईंच्या हातातलं लाटणं थांबलं. त्यांनी नातीकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

"आधी गोळी घे," त्या रिद्धीला म्हणाल्या. "दिवस मावळतोय."

रिद्धीनं गोळी तोंडात टाकली आणि पाणी प्याली. झमकूबाईंनी ती गिळेपर्यंत बघितलं. तव्यावरचा फुलका काळा पडला होता, तो त्यांनी चिमट्यानं उचलून बाजूला ठेवला आणि गॅस बंद केला.

"जन्मापासून म्हणजे आईकडून."

"हो."

"मग ललित?"

"त्याचंही तेच होतं," सुगनचंद म्हणाले. "कावीळ नव्हती. मी खोटं सांगितलं."

त्या रागावतील, ओरडतील, ताट भिरकावतील, असं त्यांना वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. झमकूबाई पिठाचे हात एकमेकांवर चोळत राहिल्या.

"म्हणजे माझ्या चुरम्यानं नाही गेला तो."

"नाही. तुपाचा त्यात काही संबंध नव्हता."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

रिद्धी उठून दादीजवळ जाऊन बसली. झमकूबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. त्यावरचं पीठ तिच्या ड्रेसला लागलं. त्या बोलल्या तेव्हा आवाज अगदी नेहमीसारखा होता, भाजीत मीठ कमी आहे का विचारावं तसा.

"जायच्या आदल्या दिवशी त्यानं परत मागितला होता चुरमा," त्या म्हणाल्या. "हात धरून मागितला होता. मी नाही दिला."